मौलवींची जालनिशी

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



‘राजकारणी आणि इंटरनेटवर लिहिणारे’ असा विषय केंद्राने सुचवला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी कविता लिहिणारा माणूस. पदवी बी.ए.ची, तीही मराठी घेऊन. उमेदीची वर्षं एका शाळेच्या कचेरीत हजेरीपटावर रेघा मारण्यात गेली. संगणकातलं मला कळतं ते एवढंच, की कुठलं बटण दाबलं म्हणजे अक्षर उमटतं आणि कुठलं दाबलं म्हणजे पुसलं जातं. मग वाटलं, या विषयाला एवढं ज्ञान पुरेसं आहे. लिहिणारा उमटवतो, आणि पुसायला लावणारे बरेच असतात. म्हणून होकार दिला.

आज मी तुम्हाला एका मौलवीसाहेबांची गोष्ट सांगणार आहे. मौलवी इराणचे, आणि साधे मौलवी नव्हेत. देशाचे उपराष्ट्राध्यक्ष.

२००४ साल असेल. आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर पहिला सायबर कॅफे निघाला होता. तासाला वीस रुपये. प्लायवुडच्या खोपटात तीन संगणक, आणि प्रत्येकापुढे पडदा. माझा भाचा तिथे कामाला होता. एके दिवशी मला हाताला धरून घेऊन गेला आणि म्हणाला, “मामू, तुम्हाला फारसीचं वेड ना? हे बघा.”

हे वेड आजोबांकडून आलेलं. आमचा भाग निजामाच्या राज्यातला. आजोबा महसूल खात्यात कारकून होते. त्यांनी मला लहानपणी सादीची ‘गुलिस्तान’ शिकवायला घेतली होती. पुस्तक अर्ध्यावर राहिलं आणि आजोबा गेले. त्यामुळे माझी फारसी अर्ध्या पुस्तकाची आहे. तरीही पडद्यावर ती लिपी दिसली आणि मी खुर्चीवर बसलो तो उठलोच नाही.

ते पान होतं सय्यद मोहम्मद अली अबताही यांचं. १९९७ मध्ये मोहम्मद खातमी इराणचे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा अबताही त्यांच्या कार्यालयाचे प्रमुख होते. पुढे २००१ पासून संसदीय कामकाज पाहणारे उपराष्ट्राध्यक्ष. इराणमध्ये एका वेळी अनेक उपराष्ट्राध्यक्ष असतात, आणि एकेकाकडे एकेक खातं असतं. २००३ मध्ये या गृहस्थांनी इंटरनेटवर स्वतःची रोजनिशी सुरू केली. आज बैठकीत कोण काय बोललं, कोण रागावलं, कोणाला डुलकी लागली! मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांचे, त्यांच्या नकळत मोबाइलवर काढलेले फोटोही टाकत. फारसीबरोबर इंग्रजीत आणि अरबीतही मजकूर असे. फारसी अडली की मी इंग्रजीकडे वळायचो, इंग्रजी अडली की भाच्याकडे.

पानाचं नाव होतं ‘वेबनेवेश्त’. ‘नेवेश्त’ म्हणजे लिहिलं. ‘नेवेश्तन’ म्हणजे लिहिणं. त्याच धातूचं दुसरं रूप ‘नवीस’, लिहिणारा. आता हा नवीस आपल्याला परका नाही. फडणवीस आहेत, चिटणवीस आहेत, त्यांचेच झिजून चिटणीस झाले. आपली रोजनिशी त्याच घरातली, रोज म्हणजे दिवस, निशी म्हणजे लिखाण. पुढे मराठी मुलामुलींनी ब्लॉगला मराठी नाव शोधलं तेव्हा काहींनी ‘अनुदिनी’ म्हटलं आणि काहींनी ‘जालनिशी’. अनुदिनी सोज्वळ शब्द आहे, पण माझं मन जालनिशीवर बसलं. जाल संस्कृतातलं आणि निशी फारसीतली. तेहरानचा उपराष्ट्राध्यक्ष आणि पुण्याचा एखादा इंजिनियर पोरगा, दोघांनी एकमेकांची ओळख नसताना एकाच धातूपासून एकाच वस्तूचं बारसं केलं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण लिहिण्याच्या धंद्यातला नवीस काही आपल्या घरातून गेला नाही.

असो. कवीला शब्द दिसला की रस्ता सुटतो.

इराणमध्ये हे वारं एवढं का शिरलं, ते सांगायला हवं. खातमींच्या काळात सुधारणावादी वर्तमानपत्रं भराभर निघाली होती. एप्रिल २००० मध्ये न्यायालयाच्या हुकमाने डझनाहून अधिक वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं थोड्याच दिवसांत बंद झाली. लिहिणारे हात रिकामे झाले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००१ मध्ये, फारसीतला पहिला ब्लॉग निघाला. त्यानंतर दोन महिन्यांत टोरँटोला राहणाऱ्या हुसेन देरखशान या तरुण पत्रकाराने एक छोटी मार्गदर्शिका लिहिली. फुकटच्या सेवेवर युनिकोड वापरून फारसीत कसं लिहायचं, पायरी पायरीने. एवढंच. आपल्याकडे ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना यातलं महत्त्व कळेल. मराठीत मेल पाठवावा तर समोरच्याकडे तो फाँट नाही, म्हणून चौकोन चौकोन दिसायचे. अक्षर कुठल्याही संगणकावर अक्षर म्हणूनच दिसू लागलं, तिथून फारसीचं आणि मराठीचंही नशीब फिरलं. थोड्याच वर्षांत इराणी ब्लॉग हजारोंनी मोजले जाऊ लागले. मुली लिहीत, धर्मशाळेतले विद्यार्थी लिहीत, टॅक्सीवाले लिहीत, सरकारच्या बाजूचेही लिहीत.

आणि एप्रिल २००३ मध्ये सिना मोतल्लेबी या पत्रकाराला पकडलं. वर्तमानपत्रं बंद झाल्यावर तो स्वतःच्या ब्लॉगवर लिहीत होता. तेवीस दिवस कोठडीत ठेवलं. ब्लॉगवर लिहिल्यासाठी तुरुंगात गेलेला जगातला बहुधा पहिला माणूस, असं त्याच्याविषयी लिहितात. नंतर तो देश सोडून हॉलंडला गेला. तिथून त्याने कोठडीतले अनुभव लिहिले, तर इकडे त्याच्या वडलांना अटक झाली.

आता तारखा जुळवून पाहा. एका लेखकाला उचललं ते वर्ष २००३. उपराष्ट्राध्यक्षांनी जालनिशी सुरू केली तेही २००३. अबताही ज्या सरकारात बसत होते, त्याच सरकारचं तारखातं संकेतस्थळांना गाळणी लावत होतं. पोलीस आणि न्यायालयं मात्र खातमींच्या हातात नव्हती, ती दुसऱ्यांच्या हातात होती. लिहिणारा तरुण मंत्र्याच्या पानावर जाऊन विचारायचा, तुम्ही लिहिता ते छापलं जातं, आम्ही लिहितो तर आम्हाला का नेतात? या प्रश्नाला मंत्र्याकडे उत्तर नसायचं. पण प्रश्न त्याच्यापर्यंत पोचायचा, हे मला त्या खोपटात बसून फार मोठं वाटलं होतं. आमच्या गावात नगराध्यक्षाला प्रश्न विचारायचा तर आधी त्याच्या मेव्हण्याला भेटावं लागे.

२००४ च्या शरद ऋतूत इराणमध्ये वीसेक वेबलेखक आणि त्यांना मदत करणारे पकडले गेले. ओमीद मेमारियान, रुजबे मीर-इब्राहिमी, शहराम रफीजादे, फरेश्ते काजी. कोठडीत त्यांच्याकडून पश्चात्तापाची पत्रं लिहून घेतली आणि ती छापून आणली. त्यातले काही जण सुटल्यावर राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगापुढे गेले आणि आपल्याला मारहाण झाली, एकांतकोठडीत ठेवलं, कबुल्या वदवून घेतल्या, असं त्यांनी सांगितलं. अबताही तोवर उपराष्ट्राध्यक्षपदावरून उतरले होते. संसद कट्टरांच्या हाती गेल्यावर त्यांनी राजीनामा दिला होता. पण त्या तरुणांचं सांगणं त्यांनी ऐकलं आणि जानेवारी २००५ मध्ये आपल्या जालनिशीत लिहिलं.

श्रोतेहो, मी या ठिकाणी थोडा रेंगाळतो. राजकारणी माणूस लेखकासाठी काय काय करू शकतो? सन्मान करू शकतो, शाल देऊ शकतो, समितीवर घेऊ शकतो. अबताहींनी केलं ते साधं होतं. जे ऐकलं ते लिहिलं. वर्तमानपत्रांना छापता येत नव्हतं ते एका मौलवीच्या पानावर आलं, आणि त्याचा बोभाटा झाला. न्यायव्यवस्थेचे प्रमुख आयतुल्ला शाहरूदी यांनाही त्या तरुणांना भेटावं लागलं. खटले तेवढ्याने संपले नाहीत. २००९ मध्ये त्यांच्यातल्या काहींना कैदेच्या आणि फटक्यांच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. पण त्यांचं म्हणणं लिखित राहिलं.

आता दुसरा नमुना. २००५ मध्ये महमूद अहमदीनेजाद निवडून आले. त्या निवडणुकीत मुस्तफा मोईन नावाच्या सुधारणावादी उमेदवारानेही ब्लॉग काढला होता, ते पाचवे आले. ब्लॉगवाल्यांची मतं मोजून निवडणूक जिंकता येत नाही, हे तेव्हाच सगळ्यांना कळलं. पण ऑगस्ट २००६ मध्ये खुद्द अहमदीनेजादांनी ब्लॉग सुरू केला, चार भाषांत. पहिलाच मजकूर लांबलचक. मी गरीब घरात जन्मलो, वडील लोहारकाम करायचे, विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी नाकातून रक्त येत होतं तरी चार लाख मुलांत माझा १३२ वा नंबर आला, वगैरे. शेवटी म्हणतात, यापुढे थोडक्यात लिहीन. आणि खाली वाचकांना कौल, अमेरिका आणि इस्रायल यांना नवं महायुद्ध पेटवायचं आहे, असं तुम्हाला वाटतं का? हो किंवा नाही.

मला तो मजकूर वाचून हसू आलं, पण थोडं बरंही वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू. लोहाराचा मुलगा राष्ट्राध्यक्ष होतो आणि नाकातलं रक्त आठवतो, हे वाचायला कोणाला आवडणार नाही? पण त्याच वर्षी त्यांच्या सरकारने घरगुती इंटरनेटचा वेग मुद्दाम कमी करून ठेवला. आणि त्यानंतर फर्मान निघालं, की संकेतस्थळ किंवा ब्लॉग असणाऱ्या प्रत्येकाने संस्कृती मंत्रालयात नोंदणी करावी. कित्येक ब्लॉगवाल्यांनी आपल्या पानावर पाटी लावली, ‘मी नोंदणी करणार नाही’. म्हणजे राष्ट्राध्यक्ष स्वतः नवीस झाले आणि बाकीच्या नवीसांना म्हणाले, आधी दफ्तरी नाव लावा. दफ्तर हाही शब्द फारसीच.

इथपर्यंत मी तिकडचं सांगितलं. आता थोडं इकडचं, म्हणजे माझं.

२००८ मध्ये भाच्याने मलाही जालनिशी काढून दिली. नाव साधंच होतं. मी तिच्यावर कविता टाकायचो आणि अधूनमधून गावाविषयी दोन परिच्छेद. वाचणारे किती? भाचा म्हणायचा, रोज तीसचाळीस. त्यात पुण्यामुंबईला आणि आखातात गेलेली आमच्या गावची पोरं जास्त. एप्रिलमध्ये मी आमच्या मोहल्ल्यातल्या पाण्याविषयी लिहिलं. नवव्या दिवशी नळ येतो, तोही रात्री अडीचला. बाया घागरी घेऊन झोपतात, आणि त्याच वेळी एका मंगल कार्यालयात कारंजं चालू असतं. कार्यालय कोणाचं ते लिहिलं नाही. गावात लिहायची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी निरोप आला. गावातले एक पुढारी, त्यांचं नाव मी इथे घेणार नाही, चहाला बोलावतात. ते माझ्या संस्थेच्या कार्यकारिणीवरही होते, हे सांगायला हवं. गेलो. त्यांच्या टेबलावर माझ्याच पानाची छापील प्रत पडलेली. काही ओळींखाली लाल शाईने रेघा. मला घाम फुटला. ते मात्र हसले.

“या, कविराज, या. छान लिहिता हो. आमच्या पोरानं काढून आणलं. हे कारंज्याचं बेस आहे.”

चहा आला, बिस्किटं आली. म्हणाले, “पाण्याचं बघतो मी. पण तुम्ही आपले माणूस. आधी आम्हाला सांगायचं, मग लिहायचं. दुबईतल्या पोरांनी वाचून काय व्हॉल्व्ह फिरणार आहे का?”

ती लाल रेघांची प्रत त्यांनी घडी घालून माझ्या खिशात कोंबली. “ठेवा आठवण.”

आठव्या दिवशी व्हॉल्व्ह दुरुस्त झाला, खरंच झाला. चौथ्या दिवशी पाणी येऊ लागलं. मोहल्ल्यातल्या बायांनी घरी येऊन आमच्या बेगमकडे खीर दिली. आणि मी काय केलं? दुसरा मजकूर लिहिला, लोकप्रतिनिधीने दखल घेतली म्हणून आभाराचा. तो मजकूर मी टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवला. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझा मीच गेलो.

पुढची दोनतीन वर्षं अशीच गेली. कवितेला कोणी हात लावला नाही, पण गावाविषयीचे परिच्छेद आधी चहाला जाऊन यायचे. एखादा शब्द बदलायचा, एखादं वाक्य गळायचं. त्यांचा आग्रह कधीच नव्हता. “हे असं नको का?” एवढंच. २०११ च्या डिसेंबरात नगरपरिषदेच्या निवडणुका लागल्या, तेव्हा त्यांच्या पॅनेलसाठी लिहा म्हणाले. मी तब्येतीचं कारण सांगितलं. त्यानंतर चहा बंद झाला. जूनमध्ये माझी बदली संस्थेच्या दुसऱ्या शाळेत झाली. रोज जाऊन येऊन सत्तर किलोमीटर, एसटीने. बदलीचा आणि ब्लॉगचा संबंध होता, असं मी म्हणत नाही. हुकमात ‘प्रशासकीय सोय’ लिहिलेलं होतं.

तर मधल्या काळात अबताहींचं काय झालं?

१२ जून २००९ ला इराणमध्ये निवडणूक झाली. अबताही महदी करुबी या उमेदवाराचे सल्लागार होते. अहमदीनेजाद जिंकल्याचं जाहीर झालं, लोक रस्त्यावर उतरले, आणि १६ जूनला अबताहींना घरातून नेलं. १ ऑगस्टला सुमारे शंभर जणांना एकत्र न्यायालयात उभं केलं. त्याचे फोटो आले. मी ते फोटो पाहिले तेव्हा आधी ओळखलंच नाही. डोक्यावर अमामा नाही, अंगावर झगा नाही. तुरुंगाचे कपडे, ओघळलेला चेहरा, वजन पार उतरलेलं. मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांचे नकळत फोटो काढणारा माणूस आता स्वतः फोटोत होता. निवडणुकीत घोटाळा झाला ही गोष्ट खोटी होती, असं त्यांनी तिथे उभं राहून सांगितलं. ही बळजबरीची कबुली आहे, असं घरच्यांनी म्हटलं. पाच वर्षांपूर्वी ज्या पोरांच्या वदवून घेतलेल्या कबुल्यांविषयी त्यांनी लिहिलं होतं, त्याच रांगेत ते स्वतः येऊन बसले.

आणि मग अजब गोष्ट झाली. ते तुरुंगात असतानाच त्यांच्या जालनिशीवर नवी नोंद उमटली. आपल्या चौकशी अधिकाऱ्याने आपल्याला लिहायची मुभा दिली, असं त्यात होतं. ती नोंद मी किती वेळा वाचली असेल! अक्षरं त्यांची, पान त्यांचं, गोडवाही त्यांचाच. पण शेजारी कोण उभं होतं? आधी कोणी वाचलं? एखादा शब्द ‘हे असं नको का?’ म्हणून गळला का? मला ते ओळखता येईना. आणि ओळखता येत नाही म्हणून मी अस्वस्थ झालो, असंही नाही. मला त्या मजकुरात माझा आभाराचा मजकूर दिसायला लागला होता. तुलना आगाऊपणाची आहे, मला कळतं. ते एविन तुरुंगात होते आणि मी बिस्किटं खात होतो.

नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मोठ्या जामिनावर सोडलं गेलं. ते निदान घरी तरी परतले. त्याच वर्षी मार्चमध्ये ओमीदरेझा मीरसयाफी हा तिशीच्या आतला मुलगा एविनमध्ये मरण पावला. त्याच्या ब्लॉगवर मुख्यतः पारंपरिक इराणी संगीत आणि संस्कृती यांविषयी लिखाण असे. धर्मनेत्यांच्या अपमानाबद्दल त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली होती. आणि ज्याने सगळ्यांना लिहायला शिकवलं तो देरखशान? तो मधल्या काळात अहमदीनेजादांच्या बाजूने लिहू लागला होता. त्याचे जुने मित्र तुटले होते. २००८ मध्ये तो आपणहून मायदेशी परतला, आणि थोड्याच दिवसांत आत गेला. पुढे साडेएकोणीस वर्षांची शिक्षा. सरकारच्या बाजूने लिहिणंही कामाला आलं नाही.

२०१२ चा नोव्हेंबर मला विसरता येत नाही. त्या महिन्याच्या सुरुवातीला सत्तार बेहेश्ती नावाचा ब्लॉग लिहिणारा कामगार तेहरानमध्ये सायबर पोलिसांच्या कोठडीत मेला. वय पस्तीस, आणि अटक होऊन आठवडाही झाला नव्हता. पुढे तेहरानच्या सायबर पोलीस प्रमुखाला काढलं, एका पोलिसाला तीन वर्षांची शिक्षा झाली. ही बातमी वाचून मी बेगमला म्हणालो, आपण नशीबवान, आपल्याकडे असं नाही.

आणि त्याच महिन्यात आपल्या पालघरला दोन तरुण मुलींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या. दुसरीने त्या पसंत केल्या होत्या, नुसतं बटण दाबून. जमावाने एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे कलम त्यांना लावलं गेलं.

मी दोन्हींना एका मापात मोजत नाही. पालघरच्या मुलींना जामीन लगेच मिळाला, देशभर ओरड झाली, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि पुढच्या वर्षी प्रकरण मिटलं. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने ते कलमच रद्द केलं. हे आपल्याकडे झालं, आणि याचा मला अभिमान आहे. गंमत, किंवा गंमत कसली, अशी की रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदणं सुरूच राहिलं. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, बाबांनो, हे कलम मेलेलं आहे, याच्याखाली कोणावर खटला चालवू नका.

पण २०१२ च्या त्या रात्री २०१५ चा निकाल आम्हाला माहीत नव्हता. माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. टीव्हीवरची बातमी संपली आणि ती माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, “अब्बा, तुमचं ते पान आहे अजून?”

मी म्हटलं, आहे.

“त्यात काय काय आहे?”

कविता आहेत, म्हटलं. पाण्याचं आहे. एक दंगलीनंतरच्या दिवसाची कविता आहे.

ती काही बोलली नाही. बेगमही बोलली नाही, फक्त टीव्ही बंद केला. मी भाच्याला फोन केला, त्याने पासवर्ड सांगितला. सगळं पान काढून टाकायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्रेचाळीस नोंदी. ‘खात्री आहे का?’ असं संगणकाने दोनदा विचारलं. कोणी पोलीस आला नव्हता, कोणी पुढारी बोलला नव्हता. चहासुद्धा पाजला नव्हता कोणी.

पुढे काळ आणखी बदलला. २०१३ मध्ये इराणमध्ये हसन रूहानी निवडून आले. त्यांचे परराष्ट्रमंत्री जवाद झरीफ ट्विटरवर जगभरच्या लोकांशी मजेत बोलू लागले, ज्यू नववर्षाच्या शुभेच्छाही त्यांनी दिल्या. आणि त्यांच्या देशातल्या माणसाला मात्र ते ट्विटर २००९ पासून बंद होतं. पळवाटेने उघडायचं आणि मंत्र्याचं वाचायचं. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोलच्या भाववाढीवरून लोक रस्त्यावर आले तेव्हा जवळजवळ आठवडाभर अख्ख्या देशाचं इंटरनेटच बंद करून टाकलं. लेखक शोधत बसण्यापेक्षा ते सोपं. देरखशान २०१४ मध्ये माफी मिळून सुटला. बाहेर येऊन पाहतो तर त्याने शिकवलेलं ब्लॉगांचं जग ओसाड पडलेलं. सगळे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर वाहत चाललेले. त्याने २०१५ मध्ये त्यावर एक लेख लिहिला. सहा वर्षांनी घरी आलेल्या माणसाला आपली गल्ली सापडू नये, तसा तो लेख आहे.

आपल्याकडेही आता पुढारी लेखकाला चहाला बोलावण्याच्या भानगडीत पडत नाहीत. प्रत्येक पक्षाचा आयटी सेल असतो. एकटा कोणी लिहायला गेला तर खाली दोनशे जणांच्या शिव्या काही मिनिटांत येतात, आणि शब्दसुद्धा सारखेच असतात. ज्यांचे चाहते लाखांत आहेत त्यांना निवडणुकीच्या आधी मुलाखती मिळतात. मार्च २०२४ मध्ये तर दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते अशा मंडळींना राष्ट्रीय पुरस्कार देण्यात आले. पुरस्कार मिळालेल्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांतल्या काहींचं काम चांगलं आहे. फक्त तीसचाळीस वाचक असलेल्या माणसाचा छापील कागद समोर घेऊन, त्याच्या कारंज्याच्या ओळीखाली रेघ मारणारा पुढारी आता सापडायचा नाही. त्या माणसाने मला धाकात ठेवलं, हे खरं. त्याने मला शेवटपर्यंत वाचलं होतं, हेही खरं. आणि पाणी आलं, तेही खरं. ते अजून चौथ्या दिवशीच येतं.

मध्यंतरी घर रंगवायला काढलं तेव्हा आजोबांची ट्रंक उघडली. आत ‘गुलिस्तान’, आणि तिच्यात दोन घडी घातलेले कागद. एक अबताहींच्या पानाची प्रत, २००४ मध्ये पाच रुपये देऊन काढलेली. शाई पुसट झाली आहे, पण ‘वेबनेवेश्त’ एवढं वाचता येतं. दुसरा कागद माझ्या पाण्याच्या मजकुराचा, पुढाऱ्यांनी खिशात कोंबलेला. त्रेचाळीस नोंदींपैकी कुठे काही उरलं असेल तर एवढंच. काळी अक्षरं फिकी पडली आहेत, लाल रेघा मात्र जशाच्या तशा.

मुलगी आता शिक्षिका आहे, औरंगाबादेत असते. तिने त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. “टाकू का, अब्बा?” असं दर जुम्म्याला फोनवर विचारते.